दोन पायऱ्या मागे

माने डॉक्टर रायफल चालवतात हे ब्रिस्टलच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच खरं वाटत नव्हतं. पाच फुटांची बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर कार्डिगन, पायात चालायचे बूट. हॉस्पिटलमध्ये तीसेक वर्षं पेशंटना भूल देऊन रिटायर झालेली. ही बाई शनिवारी सकाळी गाडी काढून पूल ओलांडून वेल्सला जाते, आर्मीच्या रेंजवर पालथी पडते आणि हजार यार्डांवरच्या टार्गेटवर नेम धरते, हे लोकांना चकलीबरोबर गिळायला जड जायचं. आता त्या जाऊन वर्ष होत आलं, तरी मंडळात त्यांचा विषय निघाला की कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतं, "त्या बंदूकवाल्या ना?" तिथेच माझं डोकं फिरतं. जन्मभर सुग्रास स्वयंपाक करणाऱ्या बाईला गॅसवाली म्हणण्यासारखं आहे ते.

माझं डोकं तसं लवकरच फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बाईंची आणि माझी ओळख दिवाळीच्या कार्यक्रमात झाली. मी विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. मिलिमीटरचे हजार तुकडे करून त्यातला एक इकडचा तिकडे झाला की भाग परत पाठवणं हा माझा धंदा. त्या दिवशी मी चारचौघांत अचूकपणा या विषयावर बरीच अक्कल पाजळत होतो. बाई शेजारी उभ्या राहून शांतपणे लाडू खात होत्या. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मोजायला बसण्याआधी मी माझा काटा तपासतो का. मी रुबाबात सांगितलं, आमच्याकडे दर वर्षी कॅलिब्रेशन होतं.

"मी दर दहा गोळ्यांनंतर तपासते," बाई म्हणाल्या. "शनिवारी ये की घरी."

नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून गेलो. सहा वर्षं जात राहिलो.

त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर एक छोटी खोली होती. मुलगी ज्योती लहान असताना तिथे झोपायची. ती आता लंडनजवळ हाउन्सलोला राहते, एअरपोर्टवर काम करते. त्या खोलीत खिडकीखाली एक जाड लाकडी बाक, त्यावर घट्ट बसवलेला हातदाबाचा प्रेस, एक तराजू, एक टॉर्च. रायफल दुसऱ्या खोलीत, पोलिसांनी येऊन पाहून गेलेल्या लोखंडी कपाटात. या बाकावर बाई स्वतःच्या गोळ्या स्वतः भरायच्या.

गोळी म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्या शनिवारी बाकावर मांडून दाखवलं. पितळेची नळी, तिला केस म्हणायचं. तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, पोटात पावडर, तोंडाशी बुलेट. झाडली की बुलेट जाते, केस हातात राहते आणि ती पुन्हा भरता येते. दुकानातली गोळी सगळ्यांच्या रायफलींना चालेल अशी बनवलेली असते. बाईंना त्यांच्या एकाच रायफलीला मानवेल अशी गोळी हवी होती, आणि पन्नासच्या पन्नास गोळ्या एकसारख्या हव्या होत्या. "भूलही अशीच असते," त्या म्हणाल्या. "पुस्तकातला डोस सगळ्यांसाठी असतो. टेबलावरचा माणूस एकटा असतो." पण पुस्तकाच्या पलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. छापील तक्त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायची, एकेक बारीक पायरी वर चढायची आणि रायफल काय सांगते ते बघायचं. दाब वाढायला लागला की बोल्ट, म्हणजे केस बाहेर काढायचा खटका, जड उघडतो, प्रायमर चपटा होतो, केसच्या बुडावर चकाकता डाग दिसतो. ही खूण दिसली की तिथून दोन पायऱ्या मागे यायचं. एक नाही, दोन.

त्या खोलीचे कायदे कडक होते. मोबाइल खाली स्वयंपाकघरात. बाकावर एका वेळी पावडरचा एकच डबा. वजन चालू असताना बोलायचं नाही. दहा केस भरल्या की काटा तपासायचा, पन्नास भरल्या की टॉर्च मारून प्रत्येक केसमध्ये पावडर कुठवर आली ते बघायचं, मगच बुलेट बसवायची. मधे कुणी बोललं तर हातातली केस उलटी करून पुन्हा पहिल्यापासून. एकदा दहाची रांग चालू असताना दाराची बेल वाजली. मी उठायला लागलो, तर बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उठलो तसाच बसलो. बेल दोनदा वाजली आणि थांबली. पार्सलवाला कार्ड टाकून निघून गेला. ज्योतीने वाढदिवसाला काहीतरी पाठवलं होतं. गाडी एमओटीच्या वार्षिक तपासणीला दिलेली, म्हणून बाई सोमवारी दोन बस बदलून डेपोत जाऊन ते पार्सल घेऊन आल्या. मी म्हटलं, बाई, एक मिनिट उठला असता तर काय बिघडलं असतं? त्या म्हणाल्या, "काहीच नसतं बिघडलं, बहुतेक." आणि ते 'बहुतेक' त्यांनी असं उच्चारलं, जसा एखादा मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा.

हॉस्पिटलमधला एक किस्सा त्या नेहमी सांगायच्या. एका ज्युनिअरने त्यांच्या हातात लेबल नसलेली सिरिंज दिली. सर्जन ग्लव्ह्ज घालून तयार, पेशंट टेबलावर, सगळे खोळंबलेले. बाईंनी ती सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि नवी भरायला सांगितली. पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, मी आत्ताच भरली आहे, आत काय आहे ते मला पक्कं माहीत आहे. "तुला माहीत आहे रे," बाई त्याला म्हणाल्या, "सिरिंजवर कुठे लिहिलंय?" सर्जन नंतर आठवडाभर बाईंशी धड बोलला नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना कुणी बोलेनासं झालं की कामाला शांतता मिळायची.

रायफलीचं वेड सोलापूरचं. वडील गिरणीत होते. कॉलेजात एनसीसीत मुलींना नेमबाजी शिकवायला आलेल्या हवालदाराने सगळ्यांना पाच-पाच गोळ्या दिल्या, बाईंच्या पाचही एकाच भोकातून गेल्या. हवालदाराला वाटलं चार वाया गेल्या. बाई कागद घेऊन त्याच्याशी भांडल्या. पुढे डॉक्टरकी, लग्न, विलायत, नाइट ड्यूट्या, ज्योतीचं शिक्षण, नवऱ्याचं आजारपण आणि जाणं, यात पस्तीस वर्षं गेली. नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. ज्योती घाबरली. ती इथे वाढलेली, तिचं मराठी आपल्या पद्धतीचं. मला फोनवर म्हणायची, "सतीशकाका, मम्मीला सांगा ना, असा हॉबी कोण करतो? बाकीचे आज्या गार्डनिंग करतात." मी सांगायचं कबूल करायचो आणि सांगायचो नाही.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. काउंटीच्या संघातून एकदा तरी हजार यार्डांवर खेळायचं होतं, आणि तेही स्वतः भरलेल्या गोळ्यांनी. दर जुलैत ट्रायल व्हायची, त्यातून आठ जण निवडायचे. बाई दोनदा नववा नंबर लावून घरी आल्या होत्या. घरी येऊन वहीत लिहायच्या, आंघोळ करायच्या आणि पुढच्या ट्रायलच्या तयारीला लागायच्या. मला वाटायचं, होईल कधीतरी, घाई काय आहे.

घाई मार्चमध्ये कळली. चष्मा बदलायला गेल्या होत्या, तिथून डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. उजव्या डोळ्याचा पडदा झिजत चालला होता. दाराची चौकट सरळ असून मधे वाकडी दिसायची. डावा ठणठणीत होता, गाडी चालवायला हरकत नव्हती, पण नेम उजव्या डोळ्याने धरायचा असतो. पोलिसांना आणि क्लबाला त्यांनी स्वतःच कळवून टाकलं. मला सांगताना त्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "हा जुलै मिळेल. पुढचा नाही मिळायचा."

त्यात आणखी एक भानगड होती. अठरा वर्षं बाई जी पावडर वापरत होत्या, ती कसल्याशा नव्या नियमांमुळे बाजारातून गेली होती. शेवटचा अर्धा डबा त्यांनी ट्रायलसाठी राखून ठेवला होता. तेवढ्यात ट्रायल आणि तिचा सराव नीट भागला असता. डोळ्याचं कळायच्या आधीच, पुढचा विचार म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीची नवी पावडर मागवली, ती यायलाच दोन महिने लागले. ती आली एप्रिलमध्ये, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मी माती खाल्ली.

दुपारची वेळ. जुन्या पावडरीचं काम संपलं होतं, पावडर मोजून टाकायच्या मापाच्या नळीत थोडी उरली होती. बाई खाली चहा टाकायला गेल्या. मला नव्या पावडरीचे दाणे बघायची हौस आली, म्हणून मी नवा डबा बाकावर घेतला, उघडला आणि थोडी पावडर तराजूच्या ताटलीत काढली. दोन डबे शेजारी शेजारी, दोन्ही उघडे. बाईंनी खालून हाक मारली, मी घाईत नळीतली आणि ताटलीतली पावडर डब्यांत परत ओतली, दोन्ही झाकणं लावली, चहा प्यायलो, घरी गेलो. सोमवारी कारखान्यात एका भागावरचा नंबर वाचता वाचता मला दरदरून घाम फुटला. नळी मी कुठल्या डब्यात रिकामी केली, आणि ताटली कुठल्या? जुन्या, की नव्या? डोळे मिटून दहा वेळा आठवून पाहिलं. कधी एक डबा दिसायचा, कधी दुसरा. दोन वेगळ्या पावडरींची भेसळ म्हणजे केव्हा किती दाब होईल याचा कुणालाच पत्ता नाही. रायफल हातात फुटू शकते, आणि बाईंचा गाल तिला टेकलेला असतो.

खोटं कशाला बोलू, तासभर मी फोन केला नाही. मनात आलं, जिथली तिथेच ओतली असणार, उगाच कशाला. मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "खात्री आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग दोन्ही गेले," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा त्या मागच्या अंगणात होत्या. दोन्ही डबे त्यांनी हिरवळीवर पातळ पसरून टाकले होते आणि वरून झारीने पाणी घालत होत्या. अठरा वर्षांची साथ आणि जुलैची खात्री त्या गवतात चालली होती. मी काहीतरी बोलायला लागलो, माफी वगैरे. मला वाटलं आज मला दाराबाहेर काढणार, आणि काढायलाच हवं होतं. बाईंनी झारी माझ्या हातात दिली. "कोपऱ्यात राहिलंय बघ तिकडं," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "क्लबातला कॉलिन नव्या पावडरीचा एक डबा द्यायला तयार आहे, सील न तोडलेला. अकरा आठवडे आहेत. शनिवारी सातला ये."

मी लपवलं नाही, म्हणून त्यांनी मला ठेवलं, असं मी पुढे कित्येक दिवस समजत होतो. एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "तसं नाही. चूक केलेला माणूस ती परत करत नाही. नवा आणला असता तर त्याची चूक अजून व्हायची बाकी असती."

मग सुरू झालं पहिल्यापासून. सगळ्यात कमी माप, पाच गोळ्या. त्याच्या वरची पायरी, पाच गोळ्या. प्रत्येक पाच वेगळ्या डबीत, डबीवर लेबल, लेबलावर दोघांच्या सह्या. शनिवारी रेंजवर जायचं, सगळ्यात हलक्यापासून झाडायचं, वेग मोजायच्या यंत्रावरचा आकडा मी वाचायचा, बाई वहीत लिहायच्या. प्रत्येक केस भिंगाखाली. पाऊस असो, वारा असो. एप्रिल गेला, मे गेला. वेल्सच्या त्या टेकड्यांमधला वारा हाडात शिरायचा. बाई दोन स्वेटरांवर शूटिंगचं जॅकेट घालून पालथ्या पडायच्या आणि उठताना माझा हात धरायच्या नाहीत. माझं डोकं मात्र तापलेलं असायचं. मी म्हणायचो, खालच्या चार पायऱ्यांत काही दम नाही हे दिसतंय, दोन-दोन चढू या, वेळ कुठे आहे. बाई म्हणायच्या, "भूल उतरायला वेळ लागतो म्हणून पेशंटला जिन्यावरून ढकलत नाहीत." आणि पुढची पायरी एकच चढायच्या.

जूनच्या सुरुवातीला खूण दिसली. बोल्ट किंचित जड, प्रायमर किंचित चपटा. नियमाने दोन पायऱ्या मागे यायचं. पण दोन पायऱ्या मागे वेग कमी पडत होता. हजार यार्डांपर्यंत पोचता पोचता बुलेट मंदावायची आणि इकडे तिकडे भरकटायची. एकच पायरी मागे आलं तर पाचच्या पाच गोळ्या इतक्या जवळ लागत होत्या, की मी कागद नाचवत सुटलो. त्या शनिवारी परतीच्या वाटेवर मी गाडीत तासभर तोंड वाजवलं. आकडे दाखवले, आलेख दाखवले, माझा पंचवीस वर्षांचा अनुभव दाखवला. एका पायरीवर कुठलीच खूण नाही, रायफल उत्तम स्थितीत आहे, तक्त्यातल्या कमाल मापाच्या आपण आत आहोत, आणि जुलै पुन्हा येणार नाही. हे शेवटचं मी बोललो ते बोलायला नको होतं. पूल ओलांडल्यावर बाई म्हणाल्या, "बरं. एक." लेबलावर त्यांनी सही केली. माझी घेतली नाही. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

ट्रायलच्या दिवशी असं ऊन पडलं, की वेल्समध्ये आहोत असं वाटेना. डांबर वितळत होतं, लोक सावली शोधत होते, मेंढ्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. बाई खुश होत्या. म्हणाल्या, सोलापूरला याला गारवा म्हणतात. गोळ्यांचा डबा त्यांनी नेहमीसारखा उघडून उजव्या हाताशी चटईवर ठेवला. आणि इथे सोलापूरच्या बाईंनी आणि पुण्याच्या इंजिनिअरने मिळून जी चूक केली ती ऐका. आम्ही तो लोड, म्हणजे पावडरीचं ते माप, शोधला होता गारठ्यात, दोन स्वेटर घालून. पावडर तापली की जास्त जोर करते, हे दोघांनाही माहीत होतं. पण विलायतेत उन्हाचा विचार करायची सवयच मोडून गेली होती.

दोन गोळ्या अंदाजाच्या, मग पंधरा मोजायच्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त पाच गुण. एक गोळी झाडायची, टार्गेट खाली जातं, खूण लावून वर येतं, मग पुढची. मी मागे खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बघत होतो. पाच, पाच, पाच, चार, पाच. बाई शांतपणे श्वास घेत होत्या. त्या बिघडलेल्या डोळ्याने त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण गोळ्या जिथे जायच्या तिथे जात होत्या. बारा झाल्या तेव्हा साठपैकी एकोणसाठ होते. कॉलिन, म्हणजे आमच्या क्लबाचा कॅप्टन, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, तिला उरलेल्या तिनांत आता दहा गुण पुरे आहेत. ती आत आहे. मी त्याचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला.

आणि मग मी पाहिलं, बारावी केस काढताना बाईंचा हात अडला. बोल्ट उघडायला त्यांना तळव्याने धक्का द्यावा लागला. त्यांनी केस उचलली, भिंगाशी नेली, बुड बघितलं. डब्यातल्या उरलेल्या तीन गोळ्यांवर हाताची पालथी बाजू टेकवली, ताप बघतात तशी. मग रायफलीतून बोल्ट पूर्ण काढून चटईवर ठेवला आणि हात वर केला.

कॉलिन धावत गेला, मागून मी. त्याने केस बघितली, म्हणाला, एकदाच जड गेला आहे, फुटलं काही नाही, तीनच राहिल्या आहेत. मग म्हणाला, माझ्या गोळ्या घे, नियमात बसतं. बाईंनी त्याचे आभार मानले. रायफल आधी तपासायला हवी, म्हणाल्या, आणि तुझी गोळी तुझ्या रायफलीची आहे. कॉलिन माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी मराठीत म्हटलं, बाई, तीनच आहेत हो, काही होणार नाही. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

"सतीश, तीस वर्षं मी माणसं झोपवली," त्या म्हणाल्या. "बहुतेक उठेल, म्हणून एकालाही झोपवलं नाही."

त्या चटई गुंडाळायला लागल्या.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या चाकाला लाथ मारली, पायाचं नख गेलं. बाईंवर रागावलो होतो, उन्हावर रागावलो होतो, आणि सगळ्यात जास्त गाडीतल्या माझ्या त्या एका तासावर. बाई आल्या, सामान मागे ठेवलं, सँडविच काढलं आणि खाल्लं नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तुम्हाला एका पायरीवर आणलं. त्यांनी मान हलवली. लोड माझा, सही माझी, म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वाईट वाटतंय रे. फार वाईट वाटतंय." पूल येईपर्यंत त्या रडल्या. मी गाडी सावकाश चालवली, दुसरं काही सुचलं नाही.

मला वाटलं झालं, संपलं. पुढच्या शनिवारी सातला त्यांचा फोन, की तू निघाला नाहीस का अजून. रायफल तपासून आली होती, ठीक होती. ऑगस्टमधले सगळ्यात उन्हाचे दिवस निवडून आम्ही पुन्हा दोन पायऱ्या मागून सुरू केलं. वेग कमी होता तो कमीच राहिला. बाईंनी बुलेट बदलली, लांबट घेतली, हवेत कमी अडणारी, आणि तिच्यासाठी पुन्हा तक्त्याच्या तळापासून चढल्या. सप्टेंबरात हजार यार्डांवर तो लोड बसला, उन्हातही आणि गारठ्यातही. बघायला मी आणि कॉलिन, दोघेच. मी विचारलं, बाई, आता हे कशासाठी? त्या म्हणाल्या, अर्धवट ठेवायला मी काय ज्युनिअर आहे?

ऑक्टोबरात उजव्या डोळ्याने टार्गेटच्या मधोमध काही दिसेनासं झालं. काळा गोल असायचा तिथे नुसतं धुकं. त्या शनिवारी बाई रेंजवर आल्या, पाच मिनिटं पालथ्या राहिल्या, एकही गोळी न झाडता उठल्या. मला वाटलं आता रायफल विकतील. ज्योतीलाही तसंच वाटलं, तिने मला थँक यू म्हणून मेसेजसुद्धा केला. मी काय केलं होतं कोण जाणे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीत, त्या जाण्याच्या तीन आठवडे आधी. झोपेतच गेल्या, हृदयाने. पण त्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं. मी क्लबाच्या शंभर यार्डांच्या रेंजवर गेलो तर एका टोकाला बाई एकट्याच चटईवर. काहीतरी चुकतंय असं लांबूनच वाटलं, जवळ गेल्यावर कळलं. रायफल डाव्या खांद्याला होती, शाबूत डोळ्याच्या बाजूला. पट्टा डाव्याऐवजी उजव्या दंडाला. बोल्ट उजव्या बाजूला, म्हणून प्रत्येक गोळीनंतर त्यांना अंगावरून हात पलीकडे न्यावा लागायचा, आणि तो दर वेळी चुकायचा. गोळ्या मात्र सप्टेंबरच्याच, लेबल लावलेल्या.

टार्गेट जवळ आणून मी बघितलं. दहा भोकं कागदभर विखुरलेली, दोन तर कागदाच्या कडेला. एनसीसीतल्या पोरीने हे पाहिलं असतं तर हसली असती. बाईंनी कागद हातात घेतला, भोकं मोजली, दहाच्या दहा आहेत ना याची खात्री केली. बाहत्तराव्या वर्षी थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं. मी उगाच चटई सारखी करत बसलो.

"पुढची ट्रायल कधी आहे रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जुलैचा दुसरा शनिवार.

"म्हणजे सहा महिने आहेत की," बाई म्हणाल्या, आणि डावा गाल रायफलीला टेकवून त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली.